घोट्याने लिहिलेली अक्षरं

डॉक्टरने अग्लायाला कागद दिला होता.
दहा कलमं. पहिलं : रोज तासभर चाला.
दुसरं : आठ तास झोप.
ती हसली.
किशिनाउच्या ट्रॉलीबसमध्ये पहाटे पावणेपाचला जी चढते,
संध्याकाळी घरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या सासूला भरवते,
तिनं हा तासभर
कुणाच्या खिशातून काढायचा?

कागदाची घडी झाली.
घडी गेली आरशाच्या फटीत.
आरसा कधीचा थरथरत होता, तो थांबला.
एवढा तरी गुण आला, म्हणाली.

मी तिकिटं फाडते. मागचं दार, मधलं दार, पुन्हा मागचं.
सोळा वर्षं तिची पाठच बघत आलेय,
करकचून बांधलेला अंबाडा, मानेवरचा तीळ.
पाय कधी पाहिलेच नव्हते.

शेवटच्या थांब्यावर सात मिनिटं मिळतात.
कागदावर सात. प्रत्यक्षात चार,
बाजाराच्या दिवशी दीड.
त्यात काच पुसायची, सही करायची,
आणि कोपऱ्यावरच्या दुकानदारीणबाई
संडासाची किल्ली देतील का, ते त्यांचा चेहरा बघून ठरवायचं.

त्या हिवाळ्यात पाहिलं :
तिनं बूट काढला. एकच, डावा.
लोकरी मोज्यातला सुजलेला पाय
बिळातून ससा यावा तसा बिचकत बाहेर आला
आणि हवेत काहीतरी गिरवू लागला.

काय करतेस?
लिहितेय.
काय?
नुसता घोटा फिरवला की कंटाळा येतो, झीना,
म्हणून अक्षरं.
टोपीवाला ‘अ’ सोपा जातो.
‘श’ला आपल्याकडे खाली शेपूट आहे ना,
तिथं पोटरी बोंबलते.
आज दीडच मिनिट. ‘द’पर्यंत.
उरलेली परतीच्या फेरीला.

मग खिशातून दोन अक्रोड काढले,
एकमेकांवर दाबून फोडले,
अर्धा मला.
ज्या दिवशी तपासनीस स्त्रातुलातनं बोनस कापला,
त्या दिवशी पायानं त्याचं पूर्ण नाव लिहिलं,
पुढे विशेषणं जोडून,
दोन्ही पायांनी.
एवढा व्यायाम तिला आधी कधी झाला नव्हता.

फेब्रुवारीत, चढावर, भर बर्फात
दांडी तारेवरून निसटली.
दिवे गेले. हीटर गेला.
चाळीस माणसं एका सुरात घड्याळं बघू लागली.
अग्लाया उतरली, हातमोजे चढवले,
दोरी ओढत ओढत दांडी पुन्हा तारेला लावली.
वर आली, बसली.
सगळ्यांना वाटलं, निघाली.
तिनं थर्मासचं झाकण उघडलं,
लिंडनच्या फुलांचा चहा ओतला,
फुंकर मारली.
एक घोट.
लोणच्याची बरणी मांडीवर घेतलेला म्हातारा ओरडला,
अहो बाई, आम्ही इथे गोठतोय!
दुसरा घोट.
मागं न वळता म्हणाली,
मीपण, आजोबा.
तिसरा घेतला, झाकण लावलं, आणि मग
गाडी अशी अलगद हलली
की बरणीतलं पाणीही डचमळलं नाही.
म्हातारा पुटपुटत राहिला. त्याचंही बरोबर होतं.

मला म्हणतात, पायाला भिंगरी आहे हिच्या.
असेल.
पण काल रात्री भांडी तशीच ठेवली,
हे लिहिताना अजून थोडी लाज वाटते.
घमेल्यात कोमट पाणी, मूठभर मीठ,
स्वयंपाकघरातल्या त्याच स्टुलावर,
दिवा न लावता.
शेजारच्यांचा टीव्ही भिंतीतून खोकत होता.
उजवा पाय उचलला, थेंब ठिबकले,
‘अ’ नीट जमला. टोपीसुद्धा.
‘ब’च्या पोटाशी कट्कन काहीतरी वाजलं,
घाबरले, मग हसूच आलं.
पुढे कुठवर गेले आठवत नाही.
जाग आली तेव्हा पाणी गार झालं होतं,
गालावर टेबलक्लॉथची नक्षी उमटली होती,
आणि घड्याळात
चार वाजायला अजून दहा मिनिटं होती.

‘श’ राहिलाय.
अग्लायाला विचारायला हवं,
शेपूट आधी काढते की शेवटी.